ऑपरेटिंग सिस्टिमचे अपग्रेड : पूर्वतयारी

ऑपरेटिंग सिस्टिमचे अपग्रेड म्हणजे फायली, सेटिंग व प्रोग्रॅम शक्यतो तसेच ठेवून जुन्या प्रणालीवर तिची नवी आवृत्ती चढवणे. नाशिकच्या दुकानांत या कामाला ‘विंडोज मारणे’ म्हणतात आणि ‘फॉरमॅट मारणे’ हाही बोलण्यात त्याचाच सख्खा भाऊ. प्रत्यक्षात फॉरमॅटमध्ये सी ड्राइव्ह पुसला जातो. डेस्कटॉपवरचा पसारा सहसा त्याच ड्राइव्हमध्ये असतो, हे गिऱ्हाइकाला बहुधा नंतर कळते.

विंडोज १० चा नियमित आधार (मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप), सिक्युअर बूटची सोय (सुरू होताना फक्त खात्रीचे सॉफ्टवेअर चालू देणारी), किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन संगणक या अटींत बसतो की नाही ते सांगते. नकार आला तरी टीपीएम बायॉसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) नुसते बंद तर नाही ना, हे आधी पाहावे.

खरी अडचण संगणकाला जोडलेल्या वस्तूंची असते. सातपूर-अंबडच्या कारखान्यात सिरियल पोर्टवरून (जुन्या पद्धतीच्या जोडणीतून) सीएनसी यंत्राला (संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या कापकामाच्या यंत्राला) प्रोग्रॅम पाठवणारा जुना पीसी, छापखान्यात मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (जो लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही), लासलगावकडचा संगणकाला जोडलेला वजनकाटा. विंडोज ११ फक्त ६४-बिट (जुन्या ३२-बिट प्रकाराची पुढची पिढी) असल्याने ३२-बिट ड्रायव्हर, म्हणजे जोडलेली वस्तू चालवणारे छोटे प्रोग्रॅम, तिथे चालत नाहीत. मूळ विंडोज १० च ३२-बिट असेल तर थेट अपग्रेडही होत नाही, नव्याने बसवावी लागते. म्हणून प्रत्येक वस्तूचे मॉडेल लिहून घेऊन तिच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावर ६४-बिट ड्रायव्हर आहे का, हे आधीच शोधावे.

अडचणींची माहितीही अपग्रेडपूर्वीच आणि दुसऱ्या यंत्रावर वा मोबाइलवर काढून ठेवावी. अडकलेल्या संगणकावर शोध घेता येत नाही. मायक्रोसॉफ्ट ज्ञात दोषांची यादी प्रसिद्ध करते, उबुंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रत्येक आवृत्तीसोबत टिपणे येतात. त्रुटीचा क्रमांक जसाच्या तसा टाकून शोधावा, उत्तराची तारीख बघावी. संदेशात फोन नंबर दिसला तर तो फसवणुकीचा समजावा. मायक्रोसॉफ्टच्या त्रुटी-संदेशांत नंबर नसतो.

बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेऊन त्यातली एखादी फाईल उघडून पाहावी, मग डिस्क काढून ठेवावी. बिटलॉकर (विंडोजचे डिस्कला कुलूप लावणारे साधन) चालू असेल तर ते उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवावी. पावसाळ्यात विजेचा भरवसा नसतो, तेव्हा यूपीएस हवाच. हिशेबनिसांनी मार्चअखेर टाळावी.

विंडोजमध्ये अपग्रेडनंतर साधारण १० दिवस मागे परतता येते, मात्र डिस्क साफ करताना जुनी प्रत पुसली गेली तर ती सोय जाते. त्या मुदतीत प्रिंटर, डोंगल व काटा चालवून पाहावेत. छापखान्याने एखादी जुनी लग्नपत्रिका उघडून जोडाक्षरांसकट छापून बघावी.