एक देव, तीन ठिकाणी : अमोनिया, दगड आणि मेंदू

अमोनियाचा वास एकदा नाकात गेला की विसरता येत नाही, डोळ्यातून पाणीच येतं, पण हे नाव मुळात एका देवाचं आहे हे कळलं तेव्हा मला खरंच वाटेना. आमुन हा प्राचीन इजिप्तमधल्या थीब्ज शहराचा मोठा देव, त्याच्या नावाचा अर्थ 'लपलेला'. ग्रीक त्याला अमोन म्हणायला लागले आणि त्यांनी आपल्या झ्यूसशी त्याची सांगड घातली. इजिप्तच्या पश्चिमेला वाळवंटात सिवा नावाची हिरवळीची जागा आहे, तिथं त्याचं देऊळ होतं, लोक लांबून कौल लावायला यायचे, अलेक्झांडरसुद्धा इ.स.पू. 331 मध्ये जाऊन आला.

त्या भागातून येणाऱ्या मिठाला रोमन लोक अमोनचं मीठ म्हणायचे. पुढे हे नाव नवसागराला चिकटलं, म्हणजे आजचं अमोनियम क्लोराइड, जे इजिप्तमध्ये उंटाच्या लेंड्या जाळून त्याच्या काजळीतून काढायचे! नवसागर चुन्याबरोबर तापवला की एक वायू सुटतो, त्याला रंग नाही, दिसत काहीच नाही, नुसता वास. पाण्यात तो भराभर विरघळतो म्हणून जोसेफ प्रीस्टलीने 1774 च्या सुमारास तो पाऱ्यावर गोळा केला, आणि 1782 मध्ये टोरबेर्न बर्गमनने त्याला अमोनिया नाव दिलं. न दिसणाऱ्या वायूला 'लपलेल्या' देवाचं नाव मिळालं, हा निव्वळ योगायोग, पण मला तो फार आवडतो.

आता शिंगं. आमुनला मेंढ्याची गोल वळलेली शिंगं दाखवायचे, त्यामुळे तशाच वेटोळ्याच्या दगडी शिंपल्यांना अमोनचं शिंग म्हणायला लागले, तेच अमोनाइट. ऑक्टोपस आणि माकूळ यांचे हे समुद्रातले नातेवाईक, 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी डायनासोर गेले त्याच सुमारास संपले. नेपाळच्या गंडकी नदीत मिळणारे चक्र असलेले शाळिग्राम म्हणजे हेच अमोनाइट, हिमालय उभा राहायच्या आधी तिथं समुद्र होता त्या काळातले. एकाच जीवाच्या दगडात इकडे विष्णू दिसला, तिकडे आमुन.

आणि तिसरी जागा तर थेट आपल्या डोक्यात. आठवणी साठवायला लागणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आडवा कापला की आत वळलेलं शिंग दिसतं, 18व्या शतकातल्या शरीरशास्त्रज्ञांनी त्याला लॅटिनमध्ये 'कॉर्नू अमोनिस' म्हटलं, अमोनचंच शिंग. उंदीर ठरावीक जागी आला की तेवढ्यापुरत्याच जाग्या होणाऱ्या पेशी जॉन ओकीफ यांना 1971 मध्ये याच भागात सापडल्या, त्यासाठी 2014 चं नोबेलही मिळालं, आणि त्या पेशी जिथं आहेत त्या पट्ट्याचं नाव आजही सीए-1 असंच लिहितात, सीए म्हणजे कॉर्नू अमोनिस.