कोरीच्या मिश्या सांभाळा

बहुतेक लोक कोरी मासा घरी आणतात तो टँक साफ ठेवायला. मलाही दुकानात हेच सांगितलं होतं, की वरचे मासे खाताना जे खाली पडतं ते हा खातो, वेगळं काही टाकायची गरज नाही, आणि मी दोन कोरी पिशवीत घालून घेऊन आलो. चार महिन्यांत दोघांच्याही मिश्या झिजून नुसते खुंट उरले, पोटं खपाटीला गेली आणि एक मेला. त्याचं मला अजूनही वाईट वाटतं, कारण त्याला जे हवं होतं ते अजिबात अवघड नव्हतं, मला ते माहीतच नव्हतं.

कोरी म्हणजे कोरिडोरस, दक्षिण अमेरिकेतल्या नद्या-ओढ्यांचा पाच-सहा सेंटीमीटरचा छोटा कॅटफिश. 2024 साली शास्त्रज्ञांनी या मोठ्या गटाची अनेक लहान गटांत फोड केली, त्यामुळे पांडा, स्टर्बाय, ब्राँझ या सगळ्या जातींची शास्त्रीय नावं बदलली, पण दुकानात अजून सगळे कोरीच. याच्या अंगावर खवले नसतात, दोन्ही बाजूंना हाडाच्या पट्ट्यांच्या दोन-दोन ओळी असतात, चिलखतासारख्या. पण या चिलखतवाल्याचा सगळ्यात नाजूक भाग तोंडापाशी असतो, त्या मिश्या.

मिश्यांवर चव ओळखणाऱ्या पेशी असतात, म्हणजे आपली जीभ बाहेर लोंबतेय असं समजा. कोरी जवळून बघा, तो तोंड डोळ्यांपर्यंत वाळूत खुपसतो, घास घेतो, खाण्यासारखं तेवढं ठेवतो आणि वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडतो, दोन्ही गालांमागून वाळूची बारीक धार पडताना दिसते. दिवसभर हेच चालू. आता हे जर धारदार रंगीत खडीवर करायचं असेल तर काय होणार! त्यात खडीच्या फटींत खाणं अडकून कुजतं, तिथे बॅक्टेरिया वाढतात, आणि मिश्या झिजायला खडीपेक्षाही ही घाण जास्त कारणीभूत असते असं माझं मत झालंय. म्हणून तळाला बारीक, गोल कणांची वाळू टाका, दोन-तीन सेंटीमीटरचा थर पुरे. बांधकामावरची क्रश सँड आणू नका, ती दगड फोडून केलेली असते, कण टोकदार असतात. समुद्राची वाळूही नको, त्यातल्या शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं होतं. नदीची बारीक वाळू मिळाली तर चाळून, बादलीत पाणी नितळ येईपर्यंत धुवायची, दहा-बारा पाणी लागतात, कंटाळू नका.

दुसरी गोष्ट मला जास्त आश्चर्याची वाटते. कोरी मधूनच बाणासारखा वर जातो, पृष्ठभागावर एक घोट हवा गिळतो आणि परत खाली येतो, नवीन माणूस घाबरतो की मासा गुदमरतोय. तसं नसतं, ही हवा आतड्यात जाते, आतड्याच्या मागच्या भागाला रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं आणि तिथून ऑक्सिजन रक्तात घेतला जातो. म्हणजे कल्ले आहेतच, शिवाय आतड्यानंही श्वास. त्यामुळे टँक झाकणापर्यंत काठोकाठ भरू नका, तीन-चार सेंटीमीटर मोकळी जागा ठेवा. पण हेच जर मिनिटामिनिटाला व्हायला लागलं तर पाण्यात ऑक्सिजन कमी पडतोय किंवा पाणी खराब झालंय असं समजून लगेच बघा.

आणि इथेच आमचा नागपूरचा उन्हाळा आडवा येतो. 20 अंशाला पाण्याच्या एका लिटरमध्ये साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशाला साडेसातच, आणि गरम पाण्यात माशाची गरज उलट वाढते. बहुतेक कोरींना 22 ते 26 अंश बरं पडतं. टँकवर छोटा क्लिप-फॅन लावला की बाष्पीभवनानं पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, माठातलं पाणी गार होतं तेच तत्त्व, फक्त पातळी घटते ती रोज भरायची आणि एअर पंप चालू ठेवायचा. विदर्भात पाळायचा असेल तर स्टर्बाय घ्या, तो गरम पाणी जास्त सोसतो. पेपर्ड कोरी, जो डार्विनच्या बीगल सफरीत गोळा केला गेला आणि 1842 मध्ये त्याचं वर्णन छापून आलं, तो थंड पाण्याचा, मे महिन्यात त्याचे हाल होतात.

बाकीचं थोडक्यात. एकटा-दुकटा आणू नका, एकाच जातीचे निदान सहा घ्या, हा कळपात राहणारा मासा आहे, एकटा असला की कोपऱ्यात लपून बसतो. रात्री लाईट बंद केल्यावर बुडणाऱ्या गोळ्या टाका, नाहीतर वरचेच मासे सगळं फस्त करतात. विष्ठा तो खात नाही, उलट त्याची स्वतःची भर पडते, म्हणून आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदला, नळाच्या पाण्यात अँटिक्लोरीन, म्हणजे क्लोरीन घालवणारं औषध, घालूनच. पकडताना जाळी नको, पंखांचे काटे उघडून लॉक होतात आणि जाळीत अडकतात, सरळ प्लास्टिकच्या डब्यात घ्या.

हे सगळं नीट चाललं की पाणी बदलताना कधी जरा गार पाणी घालून बघा, त्यांना पावसाळा लागल्यासारखं वाटतं. माझ्याकडे असंच झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी मादी नराच्या पोटाला तोंड लावून थांबलेली, इंग्रजी टी अक्षरासारखी. ब्राँझ कोरीवर 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की मादी नराचं वीर्य पिते, ते तिच्या आतड्यातून पटकन पुढे जातं आणि पोटाखालच्या पंखांच्या ओंजळीत धरलेल्या अंड्यांवर पडतं. ज्या आतड्यानं श्वास घेतला त्याच आतड्यातून. मग ती काचेवर जागा शोधून अंडी चिकटवते. ती बोटानं हलकेच सोडवून मी वेगळ्या डब्यात ठेवली, नाहीतर मोठे मासे खातात, आणि चौथ्या दिवशी तळाशी मोहरीपेक्षा जेमतेम मोठी डोकी हलताना दिसली, भिंगातून पाहिलं तर प्रत्येकाला मिश्या होत्या.