शिंपला दिसला नाही म्हणून चुनखडी नाही?

एक मेसेज सारखा फिरत असतो, की चुनखडी म्हणजे समुद्रातले शिंपले दाबून झालेला दगड, शिंपला दिसत नसेल तर ती चुनखडीच नव्हे. गोव्यात हे पटकन पटतं, कारण आपल्याकडे जुन्या घरांना शिंपले भाजून केलेला चुनाच वापरायचे.

शिंपल्यांची चुनखडी असते, खरंय. पण घरातली शहाबादी फरशी बघा, एकदम बारीक कणाची, एकही शिंपला नाही, आणि तीही चुनखडीच आहे. ती थरांत साचली तेव्हा कवचवाले प्राणी अजून जन्मालाच आले नव्हते!

मग चुना आला कुठून? पाण्यात विरघळलेला असतो तो. उथळ, उबदार समुद्रात सूक्ष्मजीव प्रकाशावर वाढताना पाण्यातला कार्बन डायऑक्साइड घेतात, मग चुना पाण्यात राहत नाही, पिठासारखा खाली बसतो. अमेरिकेजवळच्या बहामा बेटांच्या उथळ समुद्रात असा पांढरा चिखल आजही साचतोय. वर थर चढत गेले की पाणी पिळून निघतं, कण विरघळतात, परत कॅल्साइट (चुनखडीचं मुख्य खनिज) होऊन जमतात आणि कणांमधल्या फटी भरतात, म्हणजे नुसता चिखल वाळून दगड होत नाही, आतून सगळा बदलतो तो, कधीकधी तर मूळ कण ओळखूही येत नाहीत.

तपासायचं असेल तर फरशीचा फुटका तुकडा घ्या, खिळ्याने खरवडा आणि त्या भुकटीवर व्हिनेगर टाका, बारीक बुडबुडे येतील. तेच अंगणातल्या चिऱ्यावर, म्हणजे जांभ्या दगडावर करा, काही होणार नाही, कारण चिरा लोह-ॲल्युमिनियमचा, त्यात चुना नसतो.