‘यांच्याखेरीज अन्य वारस नाहीत’: गोव्यातील कौटुंबिक रहस्यकथेची पार्श्वभूमी

घराण्यातील गाडलेले रहस्य आणि त्यापायी झालेला खून अशी गुन्हेकथा गोव्यात घडवायची असेल, तर मृत्युपत्रावरून पेटलेले वैर ही नेहमीची सुरुवात येथे फारशी चालत नाही. पती-पत्नीची मालमत्ता सहसा सामाईक असते, तिच्यातील निम्मा हिस्सा हयात जोडीदाराचा असतो, आणि मृताच्या वाट्यातीलही निम्मा भाग मुलांसाठी राखीव राहतो; तो मोजकी कायदेशीर कारणे वगळता मृत्युपत्राने काढून घेता येत नाही. मुलीचा हक्क मुलाइतकाच असतो. अशा व्यवस्थेत एखाद्याला वारशातून दूर करायचे, तर तो आहे हेच कागदावर येऊ न देणे ही सर्वांत सोपी वाट ठरते. येथील रहस्ये परसातल्या विहिरीपेक्षा दप्तरांत अधिक सापडतात, ती याच कारणाने.

धर्मांतराच्या काळात जुन्या काबिजादीतील, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातील, कित्येक घराण्यांच्या दोन शाखा झाल्या, एक गावात राहिली आणि दुसरी देवासह नदीपलीकडे गेली. कथेला लागणारा धागा मात्र 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून सुरू होतो. ती येथे 1 जुलै 1870 पासून लागू झाली. 1880 मध्ये हिंदूंच्या चालीरीतींची वेगळी संहिता आली. पत्नीला वयाच्या 25 व्या वर्षापर्यंत मूलच झाले नाही, किंवा 30 व्या वर्षापर्यंत मुलगा झाला नाही, अशा काही प्रसंगांत या संहितेने पतीच्या दुसऱ्या विवाहाला मान्यता दिली. 1961 नंतरही हे कायदे कायम राहिले. या सलगतेमुळेच शंभर वर्षांपूर्वीची एखादी नोंद आजच्या भांडणात पुरावा म्हणून उभी राहते.

सर्वाधिक गोंधळ आहे तो ‘सक्सेशन डीड’ या शब्दाचा. जुने वकील अजूनही त्याला ‘हाबिलितासांव’ म्हणतात. माणूस गेल्यावर दोन वाटा असतात. एक न्यायालयातील इन्व्हेंटरी: तिच्यात मालमत्तेची यादी होते, किमती ठरतात, वारसांना नोटिसा जातात, आणि एकमत न झाल्यास वारसांमध्येच बोली लागून घर एकाकडे जाते व बाकीच्यांना पैसे मिळतात. दुसरी वाट नोटरीपुढील निवेदनाची, म्हणजेच सक्सेशन डीडची आहे. हा नोटरी म्हणजे कोर्टाबाहेर टेबल मांडून शिक्का मारणारा वकील नव्हे. तो सरकारी अधिकारी असतो, आणि म्हणूनच त्याच्या दस्ताला वजन असते. अमुक व्यक्ती अमुक दिवशी वारली आणि तिचे वारस हे आहेत, असे निवेदन त्याच्यापुढे होते व त्याची जाहीर सूचना प्रसिद्ध होते. लोक या दस्तालाच वाटणीपत्र समजतात. वाटणी त्यात होत नाही. वारस कोण, एवढेच त्यात ठरते, आणि तेही सांगणाऱ्याच्या शब्दावर.

ही सूचना दैनिकाच्या आतल्या पानावर, निविदा आणि नाव बदलाच्या जाहिरातींच्या शेजारी, बारीक टाइपात येते. तिच्या शेवटी ठराविक आशयाचे वाक्य असते: वरील वारसांखेरीज कायद्याने वारशावर हक्क सांगू शकेल अशी अन्य कोणतीही व्यक्ती नाही. मुंबईला राहणारी बहीण, आफ्रिकेत गेलेल्या काकाची मुले, किंवा विवाहाबाहेर जन्मलेले पण वडिलांनी दस्त करून स्वीकारलेले मूल यांतील कोणीही ते पान वाचणार नसते. लिस्बनमध्ये आखलेल्या या पद्धतीत गावाने गावकऱ्याला ओळखणे गृहीत होते. अर्धे गाव परदेशी गेल्यावर ते गृहीतक उरले नाही. उत्तराधिकाराचा 2012 चा गोव्याचा कायदा 2016 मध्ये अंमलात आला, तेव्हा हे कलम कडक करण्याची संधी होती. निवेदनाची सोय तशीच ठेवली गेली, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ती मोठी चूक होती.

खोटे निवेदन उघडे पडते ते जन्मनोंदीच्या पुस्तकात. जुन्या पोर्तुगीज नोंदवहीत मूळ नोंदीशेजारी रुंद समास सोडलेला असतो आणि त्यात पुढच्या काळातील विवाह, नावातील दुरुस्ती, मुलाचा स्वीकार असे शेरे वेगवेगळ्या हस्ताक्षरांत व शाईंत उतरवलेले दिसतात. रहस्यकथेतील तपास अधिकाऱ्याने मधला मजकूर वाचून हा समास सोडला, तर त्याचा निम्मा तपास वाया जातो.

गेल्या काही वर्षांत हा विषय घरांपुरता उरलेला नाही. 1970 च्या दशकात एक-चौदाचे, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीचे, उतारे तयार झाले तेव्हा अनेक ठिकाणी थोरल्या भावाचेच नाव लागले आणि बाकीचे हक्कदार तेव्हापासूनच दिसेनासे झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर 2019 च्या निकालानुसार मूळ गोमंतकीय व्यक्तीची गोव्याबाहेर भारतात असलेली मालमत्ताही याच वारसाहक्काखाली येते, म्हणजे बहिणीला माहीत नसलेला दादरचा फ्लॅटही हिशेबात धरावा लागतो. 2022 मध्ये जमीन बळकाव प्रकरणांसाठी विशेष तपास पथक नेमले गेले, तेव्हा आणखी एक प्रकार पुढे आला. मालक वारलेले किंवा परदेशी स्थायिक झालेले भाट, म्हणजे बागायती जमिनी, हेरायचे, पोर्तुगीज काळातील वाटावा असा विक्रीचा बनावट दस्त तयार करायचा आणि तो जुन्या दप्तरातच घुसवायचा, अशी ती पद्धत होती. खऱ्या वारसांना पत्ता लागेपर्यंत त्यांच्या आजोबांनी ती जमीन कधीच विकून टाकली होती, असे अभिलेख सांगू लागलेले असत.