घरकुलाचे २६९ चौरस फूट आणि माणशी जागा

कोकणात घर खणांत मोजायचे. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. कुणाचं तीन खणी, कुणाचं पाच खणी. पुढे ओटी, कडेला पडवी, आत माजघर आणि दारात सारवलेलं खळं. भात झोडपणं, आमसुलं वाळवणं, पाहुण्याला बसवणं हे सगळं भिंतींच्या बाहेरच व्हायचं, म्हणून आतली जागा लहान असली तरी भागायचं.

आता वाडीत घरकुल मंजूर झालं की आकडा ऐकू येतो तो २६९ चौरस फुटांचा, म्हणजे २५ चौरस मीटर. आधीच्या इंदिरा आवास योजनेत २० चौरस मीटर होते. २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली तेव्हा स्वयंपाकाची जागा धरून २५ झाले.

किमान जागेचा प्रश्न आपल्याकडे सरकारदरबारी ऐरणीवर आणला तो प्लेगने. १८९६ मध्ये मुंबईत साथ आली, माणसं गावाकडे पळाली आणि १८९८ मध्ये दाटीच्या वस्त्या मोकळ्या करायला सुधार ट्रस्ट नेमला गेला. १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, म्हणजे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची. गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्याचे (तेव्हा सिंधुदुर्ग त्यातच होता) चाकरमानी फार. त्यांतल्या कित्येकांनी गावाच्या नावाने एकच खोली धरली, तिला गाळा म्हणत. भिंतीलगत ज्याची त्याची पत्र्याची पेटी, खुंटीला सदरा. दिवसपाळीवाला उठला की त्याच जागी रातपाळीवाला आडवा व्हायचा. खोलीचं माप कागदावर होतं. आत किती जणांनी झोपावं याचं नव्हतं.

ही उणीव पुढेही राहिली. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचं गणित मांडलं, तेव्हा अन्न माणशी उष्मांकांत आणि कापड माणशी वारांत धरलं. घरासाठी मात्र औद्योगिक गृहनिर्माण योजनेतल्या किमान क्षेत्राचं भाडं धरून विषय मिटवला. १९७० च्या राष्ट्रीय इमारत संहितेने राहण्याच्या एका खोलीला किमान ९.५ चौरस मीटर ठरवले, तेही खोलीला. याउलट १९४८ चा कारखाना कायदा बघा: तिथे प्रत्येक कामगारामागे १४.२ घनमीटर जागा लागायची. यंत्रापाशी माणूस मोजायचा आणि घरी भिंती मोजायच्या, हे मला पटत नाही.

मुंबईत १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत २२५ चौरस फूट होते, पुढे २६९ झाले, आता ३००. मधला आकडा घरकुलाचाच. म्हणजे खळं असलेल्या गावातलं घर आणि सातव्या मजल्यावरची खोली यांना काही वर्षं एकच माप लागू होतं.

आमच्या शेजारच्या घरकुलात दोन खोल्या आहेत. चतुर्थीला बाहेरच्या खोलीचा एक कोपरा मखराला जातो. माटवी (गणपतीवर फळंपानं टांगायची चौकट) बांधायला वर वासे नाहीत, म्हणून स्लॅब ओततानाच त्यांनी चार कड्या सोडून घेतल्या. एरवी घरात पाच माणसं. मुंबईची आली की अकरा. मागच्या वर्षी पुरुषमंडळी आमच्या पडवीत झोपली. सरींमागून सरी चालल्या होत्या, तेव्हा निम्म्या रात्री उठून सगळ्यांनी आपापली अंथरुणं भिंतीकडे ओढली.