पापणी आत, पापणी बाहेर: थोडी पार्श्वभूमी

जत-आटपाडीकडच्या मोतीबिंदूच्या कॅम्पात मी बरीच वर्षं रजिस्टर लिहायला बसायचो. तक्रारीच्या रकान्यात मी नुसतं 'पापणी' लिहिलं की आतून डॉक्टरांचा ठरलेला प्रश्न यायचा, पापणी म्हणजे काय, झाकण का केस? कारण आपल्याकडं दोन्हीला पापणीच म्हणतात. पापणी मिटली म्हणजे झाकण, आणि 'काय लांब पापण्या आहेत पोरीच्या' म्हणजे केस. बोलताना याचं काही अडत नाही, पण एन्ट्रोपियन (पापणी आत वळणं) आणि एक्ट्रोपियन (पापणी बाहेर वळणं) यांच्या इतिहासात निम्मा गोंधळ याच एका गोष्टीचा आहे, नक्की वळलं कोण. आणि हे फक्त मराठीचं दुखणं नाही, इंग्रजीत दोन वेगळे शब्द असूनही जगभरच्या मोजणीत असाच घोळ झाला, त्यावर खाली येतो.

नावं ग्रीकवरनं आलीत, 'ट्रोप' म्हणजे वळणं, 'एन' आत आणि 'एक' बाहेर. जुळ्या भावांसारखी नावं असल्यानं पुस्तकात दोघं कायम शेजारी बसतात, विद्यार्थीही एकाच्या उलट दुसरं असं पाठ करतात. पण दोघांची कुंडली बघितली तर काहीच जुळत नाही. आत वळणाऱ्याच्या मागं संसर्गाचा रोग आहे, सरकारी प्रोग्रॅम आहे, सर्व्हे, टक्केवाऱ्या सगळं आहे. बाहेर वळणारी बिचारी म्हातारपण, लकवा, भाजणं आणि कुष्ठरोग यांच्यामागनं आली, तिच्या नावानं वेगळी मोहीम वगैरे माझ्या बघण्यात नाही.

जुनं थोडक्यात सांगतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पक्ष्मकोप म्हणून आजार आहे, केस आत वळून डोळ्याला टोचतात तो. उपाय काय, तर भुवई आणि केसांच्या मधल्या कातडीतनं जवाच्या आकाराचा तुकडा कापून काढायचा, बाल म्हणजे केसानंच शिवायचं, कपाळाला पट्टी बांधून टाके तिला अडकवायचे. आता बघा, संस्कृतात झाकणाला वर्त्म आणि केसाला पक्ष्म असे दोन स्वतंत्र शब्द होते, तरी आजाराचं नाव केसावरनं आणि ऑपरेशन झाकणावर! म्हणजे दोष झाकणाचा आणि बोभाटा केसाचा, हे तेव्हापासनं चालत आलंय.

मधली शेकडो वर्षं सोडून देऊ आणि खुपऱ्यांवर येऊ. आजीच्या पिढीला हा शब्द घरचा होता, डॉक्टर ट्रॅकोमा म्हणतात. लहानपणी परत परत इन्फेक्शन होतं, वरच्या पापणीच्या आतल्या अंगाला व्रण धरतात, आणि मग वीस-तीस वर्षांनी तो व्रण आखडून झाकणाची कड आत ओढतो. आजार पोराचा आणि त्रास म्हाताऱ्याचा. त्यातही बायकांना जास्त, कारण लहान पोरांचं नाक-डोळे पुसण्यात त्यांचं आयुष्य जातं आणि इन्फेक्शन परत त्यांच्याकडं येतं. घरगुती इलाज म्हणजे चिमट्यानं केस उपटणं. पण केस परत येतो, आणि येताना आखूड, ताठ येतो, तो आधीपेक्षा जास्त टोचतो.

देशात खुपऱ्यांविरुद्ध प्रोग्रॅम १९६३ ला सुरू झाला आणि १९७६ मध्ये तो अंधत्व नियंत्रणाच्या मोठ्या प्रोग्रॅममध्ये मिसळला. खरा पट्टा पंजाब, हरियाणा, राजस्थान, गुजरात, उत्तर प्रदेशचा. आपल्याकडं त्या मानानं कमी, त्यामुळं आपल्या कॅम्पात आत वळलेली पापणी घेऊन कुणी आलं तर ती बहुतेकदा खालची असायची, वयानं सैल पडलेली. खुपऱ्यांची असते ती मुख्यतः वरची. हा वरची-खालचीचा फरक लक्षात ठेवा, कारण सगळं घोडं तिथंच अडलं.

झालं असं की १९८७ मध्ये जागतिक पातळीवर खुपऱ्या ओळखायची एक सोपी पद्धत ठरली, खेड्यात जाऊन डॉक्टर नसलेल्या माणसालाही वापरता यावी अशी. त्यात शेवटच्या टप्प्यांपैकी एकाला ट्रॅकोमाचा ट्रिकियासिस म्हटलं, आणि व्याख्या एवढीच, एक तरी केस डोळ्याच्या गोळ्याला घासतोय, किंवा आत वळलेले केस नुकतेच उपटल्याची खूण आहे. झालं. झाकण वळलंय का जागेवर आहे याचा उल्लेख नाही, वरची का खालची तेही नाही. खरं तर नेत्रतज्ज्ञांच्या भाषेत ट्रिकियासिस म्हणजे झाकण जागेवर आणि फक्त केस वाकडे, झाकणच वळलं तर एन्ट्रोपियन. पण मोजणीत दोन्ही एकाच टोपलीत. सर्व्हे करणाऱ्याच्या दृष्टीनं सोयीचंच होतं, बॅटरी मारली, केस टेकला, टिक केलं. पण मग वयामुळं खालची पापणी आत गेलेला सत्तरीचा म्हाताराही खुपऱ्यांच्या खात्यात जाऊ शकत होता, त्याला आयुष्यात खुपऱ्या झालेल्या असोत नसोत. आणि रोग आटोक्यात आलाय म्हणायची अट अशी की पंधरा वर्षांवरच्या लोकांत, आरोग्य यंत्रणेला माहीत नसलेल्या अशा केसेस ०.२ टक्क्यांपेक्षा कमी पाहिजेत, म्हणजे हजारात दोनाच्या आत. इतक्या बारीक आकड्यात चार म्हातारे इकडचे तिकडं झाले तरी अख्खा जिल्हा पास-नापास होतो.

२०१८ मध्ये तज्ज्ञांची जागतिक बैठक झाली आणि त्यानंतर व्याख्या बदलली, आता फक्त वरच्या पापणीचा केस धरायचा. शास्त्र म्हणून बरोबरच आहे, त्यावर माझं भांडण नाही. पण माझ्या डोळ्यासमोर येतात ती आमच्या कॅम्पातली माणसं. खालची पापणी आत वळलेल्याचं बुबुळ तेवढंच सोलतं, तेवढंच पांढरं पडतं, फक्त आता तो या मोजणीत नाही. ज्याची मोजणी त्यालाच टीम, त्यालाच फुकट ऑपरेशन, हे आपल्या सगळ्यांना माहितीय. माझ्या मते खालच्या पापणीसाठी वेगळा रकाना ठेवायला काय जात होतं?

आपल्या देशापुरतं बोलायचं तर २०१४ ते २०१७ च्या सर्व्हेनंतर डिसेंबर २०१७ मध्ये देश संसर्गजन्य ट्रॅकोमातनं मुक्त झाल्याचं सांगितलं गेलं, प्रमाण ०.७ टक्के निघालं होतं. मग २०२१ ते २०२४ या काळात २०० जिल्ह्यांत फक्त केस टोचणारे पेशंट शोधायचा वेगळा सर्व्हे झाला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक पातळीवरनं शिक्का मिळाला. आग्नेय आशिया विभागात नेपाळ आणि म्यानमारनंतर आपण तिसरे. पेपरात 'ट्रॅकोमामुक्त' छापून आलं, पण शिक्क्याचा अर्थ एवढाच की सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपला. चाळीस वर्षांपूर्वी ज्या पापणीला व्रण पडला ती काय शिक्का बघून सरळ होत नाही. ऑपरेशन लागतंच, आणि त्यातही झाकण आरपार कापायचं का फक्त आतल्या बाजूनं, हा वाद बरीच वर्षं चालला. २०१६ मध्ये छापून आलेल्या इथिओपियातल्या १००० पेशंटवर दोन्ही पद्धतींची तुलना झाली, त्यात वर्षभरात केस परत वळायचं प्रमाण आरपारमध्ये २२ टक्के आणि आतनं कापण्यात १३ टक्के आलं.

(जाता जाता, आत वळलेली खालची पापणी नवजात कोकरांतही सापडते, आणि त्यात आनुवंशिकता असते. माणदेशात बसून हे न सांगणं म्हणजे मेंढरांवर अन्याय.)

बाहेर पडलेल्या पापणीची गोष्ट वेगळी. ही जवळजवळ नेहमी खालचीच. डोळ्यातलं पाणी नाकात उतरायचं बारीक भोक पापणीच्या कडेला असतं, कड बाहेर पडली की ते भोकही डोळ्यापासनं सुटतं आणि पाणी गालावर. माणूस ते पदरानं, टॉवेलनं दिवसभर खाली ओढून पुसतो आणि पापणी आणखी सैल होते. कुष्ठरोगात चेहऱ्याची नस गेली की डोळा मिटत नाही आणि खालची पापणी लोंबते, मिरजेकडच्या जुन्या माणसांनी असे डोळे पुष्कळ बघितलेत. १९८० च्या दशकात अनेक औषधांचा एकत्र उपचार आला, डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली गेल्याचं जाहीर झालं, तिथंही शब्द निर्मूलनच. उपचारानं जंतू मरतो, पण बरेच दिवस मेलेली नस उठत नाही, लोंबलेली पापणी तशीच राहते.

आणि गंमत सगळ्यात शेवटी कळली. म्हातारपणाच्या प्रकारात आत आणि बाहेर यांचं मूळ बरंचसं एकच आहे, पापणी आडवी ताणून धरणारे बंध सैल पडतात. मग पापणी खाली ओढून धरणारा पडदा सुटला आणि मिटणारा स्नायू कडेवर चढला तर ती आत जाते, नाहीतर स्वतःच्या वजनानं बाहेर पडते. म्हणून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातनं पापणीची पट्टी मोकळी करून हाडाच्या आवरणाला घट्ट शिवायचं जे ऑपरेशन १९७९ मध्ये मांडलं गेलं, ते आज दोन्हीत वापरतात, आत वळलेल्यात पडद्याचं काम सोबत करून.

मी नंतर नंतर रकानाच बदलला होता, वरची का खालची, झाकण का केस, आत का बाहेर. एका आजीपुढं 'खालची, झाकण, आत' लिहिलं तर सुनेनं वाकून बघितलं आणि म्हणाली, "म्हंजे पापणीच की ओ?" म्हटलं, व्हय, पापणीच.