जपानच्या स्वसंरक्षण दलांतील रायफलबदल

जपानच्या सैन्यात पायदळाची जुनी रायफल जाऊन तिच्या जागी नवी येण्यास दशके लागतात. टाइप ६४, टाइप ८९ आणि टाइप २० या रायफली नावाने एकामागून एक आल्या; पण टाइप २० दाखल झाली तेव्हा आधीच्या दोन्ही वापरात होत्या. या तिन्ही नावांतला आकडा रायफल स्वीकारल्याचे वर्ष सांगतो : १९६४, १९८९, २०२०. ती सगळ्यांच्या हाती केव्हा पोहोचली, हे त्यावरून कळत नाही.

असा रेंगाळलेला बदल जपानला नवा नाही. शाही लष्कराने १९३९ च्या सुमारास ६.५ मिमी गोळीच्या टाइप ३८ रायफलीऐवजी ७.७ मिमी गोळीची टाइप ९९ घेण्याचे ठरवले (या जुन्या नावांतले आकडे इसवी सनाचे नाहीत), तरी १९४५ च्या शरणागतीपर्यंत अनेक तुकड्या टाइप ३८ घेऊनच लढल्या. तेव्हाचे कारण मात्र युद्धाची ओढाताण हे होते. शांततेच्या काळातल्या दिरंगाईची कारणे निराळी आहेत.

१९५० मध्ये उभारलेल्या राखीव पोलीस दलाला अमेरिकेने आपल्या एम१ रायफली दिल्या. त्याच दलातून पुढे १९५४ साली स्वसंरक्षण दले, म्हणजे आजचे जपानी सैन्य, घडली. युद्धानंतरची पहिली स्वदेशी रायफल टाइप ६४. तिची गोळी ७.६२ मिमी होती, पण धक्का सोसवावा म्हणून काडतुसात दारू कमी भरत. बनवणारी कंपनी होवा, मूळची यंत्रमाग बनवणारी. तिचा कारखाना आइची प्रांतातील कियोसू येथे आहे. माऱ्याचा प्रकार निवडण्याच्या खटक्यावर ‘आ’, ‘ता’, ‘रे’ ही अक्षरे असत : सुरक्षित, एकेक गोळी, सलग मारा. जोडून वाचली की ‘आतारे’, म्हणजे ‘लाग!’ असा शब्द होतो. नेम धरणाऱ्या सैनिकासाठी याहून सुंदर अक्षरजुळणी सापडणे कठीण.

५.५६ मिमी गोळीची, सुमारे ३.५ किलो वजनाची टाइप ८९ हलकी आणि अचूक होती. होवाने सत्तरच्या दशकात परवान्याखाली बनवलेल्या एआर-१८ या अमेरिकी रायफलीचा अनुभव तिच्या रचनेत उतरला. तरीही भूदलात ती वर्षाकाठी थोडी थोडी आली, आणि सागरी व हवाई दलांत मुख्यतः टाइप ६४ च राहिली. ग्राहक जवळपास एकच, जपान सरकार. शस्त्रनिर्यातीवर १९६७ पासून निर्बंध. संरक्षणखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास रोखलेला. मोठी मागणी एकदम दिली असती तर ती पुरी झाल्यावर कारखाना रिकामा पडला असता आणि कारागीर पांगले असते. म्हणून मागणी वर्षांवर पसरली, नग कमी म्हणून किंमत चढली, आणि किंमत चढली म्हणून नग आणखी कमी झाले. देशातले कसब टिकले, हा या पद्धतीचा खरा लाभ. पण त्याची किंमत जुनी, जड रायफल वाहणाऱ्या सैनिकाने मोजली, हेही तितकेच खरे.

सुधारणांनाही हीच गती होती. टाइप ८९ चा निवड-खटका केवळ उजव्या बाजूला होता. चापावरचा हात न काढता तो फिरवणे अवघड. डावीकडेही खटका बसवण्याची गरज ठळक झाली ती २००४ मध्ये तुकड्या इराकमधील समावा येथे गेल्यावर, म्हणजे स्वीकारानंतर १५ वर्षांनी.

टाइप २० ची निवड डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झाली. तुलनेत जर्मन एचके४१६ आणि बेल्जियन स्कार-एल या रायफली होत्या. मे २०२० मध्ये ती लोकांसमोर आली. आखूड नळी, लांबी कमीजास्त करता येणारा दस्ता, दोन्ही हातांना सोयीचे खटके, आणि पाणी लवकर निथळून जाईल, गंज धरणार नाही अशी बांधणी. नैर्ऋत्येकडील बेटांचे रक्षण डोळ्यांपुढे ठेवून ती घडवली आहे, त्यामुळे समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणाऱ्या, २०१८ मध्ये स्थापन झालेल्या उभयचर ब्रिगेडला ती देण्यात प्राधान्य मिळाले.

पहिल्या अंदाजपत्रकात ३,२८३ रायफलींसाठी सुमारे ९० कोटी येन होते, म्हणजे नगामागे पावणेतीन लाखांच्या घरात. भूदलाचे मंजूर संख्याबळ दीड लाखाच्या आसपास. प्रत्येकाला एक रायफल धरली, तर वर्षाला तेवढ्याच नगांच्या गतीने ४५ हून अधिक वर्षे लागली असती. डिसेंबर २०२२ मध्ये पाच वर्षांसाठी ४३ लाख कोटी येनचा संरक्षण आराखडा मंजूर झाला. त्यानंतर वार्षिक मागणी बरीच वाढली आहे.